ऑटो डिक्स आणि रंगांचे थर

जर्मन चित्रकार ऑटो डिक्स म्हटलं की सगळे त्याच्या विषयांवर बोलतात, युद्ध, पाय गमावलेले सैनिक, बर्लिनची नाइटलाइफ वगैरे, पण मला आधी त्याच्या रंगांच्या थरांबद्दल बोलायचंय कारण ती चित्रं अंगावर येतात ती त्या थरांमुळेच, असं माझं ठाम मत आहे.

पहिल्या महायुद्धात हा माणूस मशीनगन चालवत होता. परत आल्यावर एक्स्प्रेशनिझम, दादा अशा त्या काळच्या नव्या कलाचळवळी सगळं करून झालं आणि मग पठ्ठ्या थेट ४०० वर्षं मागे गेला, ड्यूरर, क्रानाख, ग्रूनेवाल्ड या जुन्या जर्मन चित्रकारांकडे. कॅनव्हासऐवजी लाकडी फळी, तिच्यावर खडू आणि सरसाचं पांढरं अस्तर, घासून घासून गुळगुळीत केलेलं. रेखाटन आधी कागदावर पूर्ण मापात करायचं, मग फळीवर उतरवायचं. उजेडाच्या जागा अंड्याच्या टेम्पराने (म्हणजे अंड्यात कालवलेल्या रंगाने) पांढऱ्या उठवायच्या, वरून तेल आणि राळेचा पातळ पारदर्शक थर, परत पांढरं, परत थर... उजेड खालच्या पांढऱ्यापर्यंत जाऊन रंगातून परत येतो, म्हणून कातडी आतून उजळल्यासारखी दिसते. आणि यात ऐनवेळी हात जरा इकडे घेऊ, मान वळवू असलं काही चालत नाही, सगळं आधीच ठरवून बसावं लागतं.

सिल्विया फॉन हार्डेन या पत्रकार बाईंचं १९२६ चं पोर्ट्रेट झूम करून बघाच. डोळ्यावर मोनोकल (एकाच डोळ्याचा चष्मा), लाल-काळ्या चौकड्यांचा ड्रेस, लांबच लांब बोटांत सिगारेट आणि एक मोजा खाली घसरलेला. ब्रशचा फटकारा शोधून सापडत नाही. चित्रकार कुठे चिडलाय, कुठे हळवा झालाय याचा पत्ताच लागत नाही, त्यामुळे त्या बाईंपासून नजर चोरायला जागाच उरत नाही.

१९२५ मध्ये जर्मनीत मानहाइमला तिथल्या कलासंग्रहालयाच्या संचालकाने, हार्टलाउबने, अशा वास्तववादी चित्रकारांचं प्रदर्शन भरवलं, त्यात डिक्सही होता. पुढे ‘युद्ध’ हे चित्र १९३२ मध्ये पूर्ण झालं, त्याची रचना तर चक्क चर्चमधल्या वेदीच्या चित्रासारखी, मध्ये एक, बाजूला दोन आणि खाली आडवी पट्टी, तिच्यात ओळीने आडवे पडलेले सैनिक. झोपलेत की मेलेत ते कळत नाही.

१९३३ मध्ये नाझींनी त्याला ड्रेस्डेनच्या कला अकादमीतल्या प्राध्यापकपदावरून काढून टाकलं. तंत्र अस्सल जुनं जर्मन होतं तरी! नंतर तो दक्षिण जर्मनीतल्या बोडेन सरोवराकाठी राहायला गेला आणि त्याच पद्धतीने निसर्गचित्रं काढत राहिला, तीही आवर्जून बघा, त्यांच्याकडे फारसं कुणी वळत नाही.