नवा पेनड्राइव्ह आधी काठोकाठ भरून बघा

चारशे-पाचशे रुपयांत ‘२ टीबी’चा पेनड्राइव्ह मिळत असेल, तर आत बहुधा ३२ किंवा ६४ जीबीचीच चिप असते. कंट्रोलरचं (चिपचा कारभार पाहणाऱ्या भागाचं) फर्मवेअर, म्हणजे आतला प्रोग्राम, बदलून संगणकाला खोटी क्षमता सांगितलेली असते. क्विक फॉरमॅट बिनतक्रार होतो, कॉपी करतानाही सहसा एरर येत नाही. फाइलींच्या नावांची नोंद ड्राइव्हच्या सुरुवातीच्या, म्हणजे खऱ्या भागात होते, म्हणून यादी अगदी नीट दिसते. खऱ्या जागेपलीकडचा डेटा मात्र हवेत जातो किंवा आधीच्याच डेटावर चढतो. फोटो उघडायला गेलात की मग कळतं.

म्हणून खरेदी केली त्याच दिवशी, आत काही ठेवायच्या आधी, रिकामा ड्राइव्ह पूर्ण भरून परत वाचून बघायचा. त्यासाठीचे प्रोग्राम म्हणजे विंडोजवर ‘एच२टेस्टडब्ल्यू’, लिनक्स किंवा मॅकवर ‘एफ३’, दोन्ही फुकट. १५ एमबी प्रति सेकंद वेगाने ६४ जीबी लिहायला साधारण ७० मिनिटं जातात, वाचायचा वेळ वेगळा. एक जरी एरर आली तरी ड्राइव्ह परत करा. बिल जपून ठेवायचं ते यासाठीच. विंडोजने ६४ ऐवजी ५९.६ जीबी दाखवले तर ती फसवणूक नाही. कंपनी १००० ने मोजते, विंडोज १०२४ ने, एवढंच.

अस्सल पेनड्राइव्हही ने-आण करायला ठीक. लग्नाचा एकमेव व्हिडिओ त्यात ठेवून कपाटात टाकू नये. फ्लॅश चिपमध्ये डेटा विद्युतभाराच्या रूपात असतो. तो हळूहळू गळतो, उन्हाळ्यात तापलेल्या कपाटात जरा जास्तच. ‘अधूनमधून जोडावा, टिकतो’ हा सल्ला अर्धवट आहे. स्वस्त कंट्रोलर नुसत्या जोडण्याने काही ताजं करतोच असं नाही. डेटा बाहेर काढून पुन्हा लिहिला, तरच भार नवा होतो.

फाइल सिस्टीम, म्हणजे ड्राइव्हवर फाइली मांडायची पद्धत, तीही बघून घ्या. फॅट३२ मध्ये ४ जीबीपेक्षा मोठी फाइल मावत नाही. एक्सफॅटमध्ये मावते, पण त्यात जर्नल (चालू बदलांची आधी केलेली नोंद) नसतं, त्यामुळे लिहिणं चालू असताना ओढून काढला तर फोल्डर बिघडू शकतो.

पोर्टेबल हार्ड डिस्कने टकटक सुरू केली, तर आधी वायर बदला आणि थेट मदरबोर्डच्या मागच्या पोर्टला लावा. पुरेसा करंट मिळाला नाही तरी असाच आवाज येतो. तरीही टकटक थांबली नाही तर ताबडतोब काढून ठेवा, हेड (डिस्कवर वाचणारा-लिहिणारा भाग) गेलं असण्याची शक्यता आहे. आवाज नाही पण फाइली अडकतात, अशी तक्रार असेल तर क्रिस्टलडिस्कइन्फो या डिस्कची तब्येत दाखवणाऱ्या प्रोग्राममध्ये ०५ (खराब म्हणून बदललेले सेक्टर) आणि सी५ (वाचताना अडलेले सेक्टर) या ओळींच्या रॉ व्हॅल्यू, म्हणजे मूळ आकडे, बघा. सी५ शून्य नसेल, तर काही सेक्टर, म्हणजे डिस्कवरचे छोटे कप्पे, वाचता येत नाहीयेत. अशा डिस्कवर चेकडिस्क हा विंडोजचा डिस्क-दुरुस्ती प्रोग्राम चालवू नका. ते दुरुस्तीच्या नावाखाली मरायला टेकलेल्या डिस्कवरच लिहीत सुटतं. आधी डीडीरेस्क्यू या डेटा वाचवणाऱ्या प्रोग्रामने दुसऱ्या डिस्कवर पूर्ण इमेज (हुबेहूब नक्कल) काढा, मॅप फाइल (कुठवर झालं याची नोंद) ठेवून, म्हणजे मध्येच थांबलं तरी तिथून पुढे चालू करता येतं. दुरुस्तीचे सगळे प्रयोग मग त्या इमेजच्या प्रतीवर.