फ्रेंचमधलं ‘नाही’: क्रियापदाच्या दोन्ही बाजूंना

मराठीत ‘नाही’ शेवटी एकदा आलं की भागतं. फ्रेंचमध्ये नकाराचे दोन तुकडे असतात: क्रियापदाच्या आधी ‘न’ आणि नंतर ‘पा’. ‘झ पार्ल’ म्हणजे मी बोलतो, ‘झ न पार्ल पा’ म्हणजे मी बोलत नाही. पुढचा शब्द स्वराने किंवा मूक ‘एच’ने सुरू झाला, तर ‘न’मधला स्वर गळतो: ‘झ न’एम पा’, मला आवडत नाही.

‘पा’चा मूळ अर्थ पाऊल. ‘एक पाऊलही चालत नाही’ अशा जोर देण्याच्या बोलण्यातून तो आला आणि पुढे सगळ्याच क्रियापदांना चिकटला. आपलं ‘थेंबभरही पीत नाही’ त्याच जातीचं.

जोडी नेमकी कशाभोवती लावायची, इथे गडबड होते. भूतकाळात ती साहाय्यक क्रियापदाभोवती बसते: ‘झ न’ए पा माँझे’, मी जेवलो नाही. ‘माँझे’नंतर ‘पा’ लावलं की चुकलं. ‘त्याला’, ‘तिला’ अशी सर्वनामं मात्र जोडीच्या आत जातात: ‘झ न ल व्हुआ पा’, मी त्याला पाहत नाही.

सगळ्यात जास्त गुण जातात ते ‘द’वर. ‘झ’ए अँ फ्रेर’, मला एक भाऊ आहे. नकारात ‘अँ’ जाऊन ‘द’ येतो: ‘झ न’ए पा द फ्रेर’. ‘यून’ (स्त्रीलिंगी एक), ‘दे’ (काही), ‘द्यू’ (थोडं) यांचंही तेच. पण क्रियापद ‘एत्र’ (असणे) असेल, तर काही बदलत नाही: ‘स न’ए पा अँ शा’, हे मांजर नाही. ‘ल, ला, ले’ ही इंग्रजी ‘the’सारखी उपपदंही जागची हलत नाहीत: ‘झ न’एम पा ल काफे’, मला कॉफी आवडत नाही.

‘रियँ’ (काही), ‘पेर्सॉन’ (कोणी), ‘झामे’ (कधी) आले की ‘पा’ काढून टाका. ‘न’ ठेवा. ‘पेर्सॉन न व्हियँ’, कोणी येत नाही. आपल्याला हे सोपं, कारण ‘कोणी’सोबत ‘नाही’ आपणही लावतोच. भूतकाळात मात्र ‘रियँ’ आणि ‘पेर्सॉन’ यांच्या जागा वेगळ्या: ‘झ न’ए रियँ व्यू’ (मी काही पाहिलं नाही), पण ‘झ न’ए व्यू पेर्सॉन’ (मी कोणाला पाहिलं नाही). हे पाठच करावं लागतं.

बोलताना फ्रेंच माणसं ‘न’ सर्रास गाळतात. ‘झ न से पा’चं (मला माहीत नाही) ‘शे पा’ होतं. परीक्षेत लिहिताना गाळू नका. आणि ‘प्ल्यू’ जपून! ‘न’ गळल्यावर ‘झ’आँ व्ह प्ल्यू’ म्हणजे आता नको, तर शेवटचा ‘स’ उच्चारून ‘प्ल्यूस’ म्हटलं की अजून हवं. वाढणाऱ्यासमोर हा फरक महत्त्वाचा.

मराठी सवय खरी नडते ती उत्तर देताना. ‘तू येत नाहीस का?’ यावर आपण ‘हो, नाही येत’ म्हणतो. फ्रेंचमध्ये येणार नसाल तर ‘नों’च. येणार असाल तर ‘वी’ नव्हे, ‘सी’.