आमची वाटचाल : स्टो हिलच्या उतारावरून

दक्षिण वेल्समधल्या न्यूपोर्ट शहरात आम्ही नवरा-बायको हेरिटेज वॉकचा छोटा व्यवसाय चालवतो. इंग्रजीतून आणि मराठीतून. मराठीतून कोण येणार, असं सुरुवातीला सगळ्यांनी विचारलं. कार्डिफ, ब्रिस्टल, न्यूपोर्टच्या रुग्णालयांत आणि आयटी कंपन्यांत आपली बरीच मुलं आहेत आणि उन्हाळ्यात त्यांचे आई-वडील दोन-तीन महिन्यांसाठी येतात. किल्ले, धबधबे बघून झाल्यावर त्यांना माणसांच्या गोष्टी ऐकायच्या असतात. त्यांच्या भरवशावरच धंदा उभा राहिला.

आमचा मुख्य वॉक वेस्टगेट हॉटेलपाशी संपतो. 4 नोव्हेंबर 1839 च्या सकाळी, मताचा हक्क मागणाऱ्या चार्टिस्ट चळवळीच्या उठावात, खाणींतले आणि लोखंडाच्या कारखान्यांतले हजारो कामगार रात्रभर पावसात चालून इथे पोचले. त्यांच्या काही साथीदारांना पकडून वेस्टगेटमध्ये ठेवलं होतं आणि आत 45 व्या पायदळ पलटणीचे तीसेक शिपाई होते. खिडकीची दारं उघडली आणि गोळीबार सुरू झाला. अर्ध्या तासाच्या आत सगळं संपलं. किमान 22 माणसं मेली. त्यांत पाँटिपूलचा जॉर्ज शेल हा विशीही न गाठलेला सुतार होता.

आधी आम्ही थेट वेस्टगेटच दाखवायचो, कारण तिथे चौक आहे, पुतळे आहेत, फोटो छान येतात. पण वाचत गेले तसं मला वाटू लागलं की हा उठाव समजायचा असेल तर वर दऱ्यांतल्या पबांकडे जायला हवं. तिघा मुख्य पुढाऱ्यांपैकी दोघे दारूचं दुकान चालवणारे होते. झेफनाया विल्यम्सचं रॉयल ओक ब्लेना-नँटिग्लो भागात होतं, विल्यम जोन्सचं बिअरहाऊस पाँटिपूलला. तिसरे जॉन फ्रॉस्ट हे न्यूपोर्टचे कापडव्यापारी आणि माजी महापौर. 1830 च्या कायद्यानुसार दोन गिनी (जुनं ब्रिटिश चलन) भरून घरच्या घरी बिअर विकायचा परवाना मिळायचा, त्यामुळे गल्लोगल्ली बिअरहाऊसं झाली होती. कामगाराला सभेसाठी दुसरी खोली कोण देणार? जमीन, घरं, दुकान, सगळं कारखानदाराचं. चार्टिस्टांच्या शाखा या बिअरहाऊसांतच भरायच्या. वर्गणी तिथे गोळा व्हायची आणि वर्तमानपत्र तिथेच मोठ्याने वाचलं जायचं. मी लालबागची. घरात गिरणीकामगार पाहिलेत. खानावळी, व्यायामशाळा आणि चाळीच्या गॅलऱ्या नसत्या तर गिरणगावातला एकही संप उभा राहिला नसता, हे मला कुणी सांगायची गरज नाही.

म्हणून वॉक बदलला. शनिवारच्या मोठ्या फेरीत मिनीबसने वर दरीतल्या ब्लॅकवूड गावाकडे जातो, तिथून खाली येतो. सेफ्नच्या वेल्श ओक पबपाशी तिघा पुढाऱ्यांच्या तिन्ही तुकड्यांनी भेटायचं ठरलं होतं. वादळी पावसात वेळ चुकत गेली आणि जोन्सची माणसं वेळेवर आलीच नाहीत. मध्यरात्रीच्या अंधारात पोचायचं ते लख्ख उजेडात पोचले. ही गोष्ट बसमध्ये सांगून समजत नाही, म्हणून शेवटचा टप्पा, स्टो हिलचा उतार, सगळ्यांनी पायीच उतरायचा असा आमचा नियम आहे. ज्येष्ठांसाठी सावकाश, पण पायीच.

याच उतारावर सेंट वूलोस कॅथीड्रल आहे. मेलेल्यांपैकी दहा जणांना रात्री गुपचूप इथल्या आवारात पुरलं, थडग्यावर नाव न घालता. आम्ही इथे पाच मिनिटं थांबतो आणि मी काहीही बोलत नाही.

पबचा विषय निघाला की काही काकू बिचकतात. दारूच्या गुत्त्यात जायचं का, असं हळूच विचारतात. चहा मिळतो, जेवणही मिळतं, आणि हे कामगार पबमध्ये जमले ते मताच्या हक्काचं बोलायला, एवढं सांगितलं की त्याच काकू सर्वांत पुढे बसतात. पबमध्ये ग्लास मोजत फिरवणाऱ्या टूर चांगल्या चालतात, आम्हालाही एका आयोजकाने तसा आग्रह केला. आम्ही नाही म्हटलं. पैसे कमी मिळतात, चालेल.

पबमध्ये टेबलावर मी चार्टिस्टांच्या सनदेतल्या (चार्टर) सहा मागण्यांचा कागद ठेवते. प्रत्येक प्रौढ पुरुषाला मत, गुप्त मतदान, उमेदवाराला मालमत्तेची अट नको, खासदारांना पगार, समान मतदारसंघ, दरवर्षी निवडणूक. 1839 मध्येच सुमारे 12 लाख 80 हजार सह्यांचा अर्ज संसदेने फेटाळला होता. पुढे गुप्त मतदान 1872 मध्ये आलं, खासदारांचा पगार 1911 मध्ये, सर्व पुरुषांना मत 1918 मध्ये. त्या सनदेत बायकांना मत नव्हतं, हे मी मुद्दाम सांगते. आपल्याकडे 1951-52 च्या पहिल्याच सार्वत्रिक निवडणुकीत स्त्री-पुरुष सगळ्यांना मत मिळालं. हे ऐकून आपली माणसं ताठ बसतात, आणि बसावंच.

वेस्टगेटची आजची इमारत नंतर बांधलेली आहे. जुन्या दारापाशी उभे असलेले खांब मात्र जपलेत, आणि त्यांवरची भोकं गोळ्यांची असल्याचं शहरात सांगतात. अभ्यासकांत त्यावर दुमत आहे. पाहुण्यांना दोन्ही बाजू सांगतो, मग जो तो आपापल्या डोळ्यांनी बघतो.

फ्रॉस्ट, विल्यम्स, जोन्स यांना जानेवारी 1840 मध्ये मनमथ (Monmouth) गावच्या शायर हॉलमध्ये देहान्ताची शिक्षा झाली. लोकांनी देशभर आवाज उठवला, तेव्हा ती बदलून त्यांना टास्मानियाला धाडलं. फ्रॉस्ट 1856 मध्ये परत आले. ती न्यायालयाची खोली आजही पाहता येते. येत्या हंगामापासून तिथपर्यंतची फेरी मराठीतून सुरू करतोय. पाहुण्यांना हातात ठेवता येईल असा मार्गाचा नकाशा माझे पती सध्या काढत आहेत आणि त्यावर सगळी गावं देवनागरीत असणार आहेत.