पुरिया धनाश्रीचा रिप अखेर जमला

मंडळी, जमलं! मागच्या वेळी ज्या किरकिऱ्या रिपबद्दल (म्हणजे सीडीवरून काढलेल्या पुरिया धनाश्री रागाच्या फाइलबद्दल) रडत होतो, तो काल रात्री पावणेबाराला सरळ झाला. दोष डॅकचा (डिजिटल फाइलचा आवाज करणाऱ्या डब्याचा) नव्हता, केबलचा नव्हता आणि पॉवर सप्लायचा तर अजिबातच नव्हता.

आठवत असेल, गणपतीत माझ्या स्ट्रीमिंगच्या यादीतला पुरिया धनाश्री अचानक राखाडी झाला. कितीही वेळा बोट लावलं तरी वाजेना. म्हणून बाबांची १९८० च्या दशकातली, परदेशात छापलेली सीडी कपाटातून काढली आणि रिप केली. टेस्ट आणि कॉपी अशा दोन वाचनांचे सीआरसी, म्हणजे पडताळणीचे आकडे, जुळले. इतरांच्या रिपशी ताडून पाहायच्या अ‍ॅक्युरेटरिप या ऑनलाइन यादीत ही डिस्क नाही, पण दोन वेगळ्या ड्राइव्हवरही तेच आकडे आले, म्हणजे वाचनात चूक नाही. तरीही तानपुऱ्याची जवारी (तारांचा झंकार) पत्र्यावर वाळू ओतावी तशी ऐकू येत होती आणि तबल्याची चाट थेट कानशिलात बसत होती. विलंबित एकतालाचं अर्धं आवर्तन ऐकलं की हेडफोन काढावासा वाटायचा.

चार संध्याकाळी यात गेल्या. डिस्क आयसोप्रोपिलने पुसली, रास्पबेरी पाय या छोट्या संगणकावर मूड ऑडिओ हे गाणी वाजवायचं सॉफ्टवेअर नव्याने टाकलं, यूएसबी पोर्ट बदलला. पुण्याच्या तपकीर गल्लीतून लिनिअर सप्लायही (कमी खरखरीचा म्हणून घेतात तो पॉवर सप्लाय) आणला. तो बांधणीला उत्तम आहे, पण आवाजात मला काडीचा फरक ऐकू आला नाही. सप्लायवर पैसे घालण्याआधी फाइल तपासा, हे माझं मत आता पक्कं झालंय.

उत्तर मिळालं मुकुंदनगरच्या मित्राकडे. त्याच्या जुन्या सीडी प्लेयरमध्ये तीच डिस्क घातली आणि आवाज एकदम गोल, शांत, जसा लहानपणी ऐकला होता तसा. आणि डिस्प्लेच्या कोपऱ्यात 'एम्फसिस' असा बारीक लाल दिवा लागलेला.

प्री-एम्फसिस! सुरुवातीच्या काळातल्या काही सीड्यांमध्ये नॉइज कमी ठेवायला वरच्या फ्रिक्वेन्सी मुद्दाम उचलून भरत. १० किलोहर्ट्झला हा उचल साधारण साडेसात डेसिबल, २० ला साडेनऊ. प्लेयर डिस्कवरची खूण वाचून तेवढाच उतार देतो. वेव्ह फाइलमध्ये ती खूण येतच नाही, त्यामुळे रिप बिट-परफेक्ट असूनही आवाज चुकीचा. माझ्या डिस्कच्या टीओसीत, म्हणजे सुरुवातीच्या अनुक्रमणिकेत, खूण नव्हतीच, ती फक्त सबकोडमध्ये (आवाजाबरोबर डिस्कभर चालणाऱ्या जादा माहितीत) होती, म्हणून नेहमीच्या रिपरला दिसली नाही. आइसडॅक्स या दुसऱ्या रिपरने बनवलेल्या इन्फ नावाच्या माहिती-फाइलमध्ये 'प्री-एम्फसिस यस' वाचलं तेव्हा मी खुर्चीतून उठलोच.

पुढचं काम दहा मिनिटांचं. फाइल आधी २४ बिटची केली, मग सॉक्स या ऑडिओ प्रोग्रॅमचा डीएम्फ, म्हणजे ती उचल उतरवणारा फिल्टर, लावला. क्रम उलटा करू नका, १६ बिटमध्येच फिल्टर लावला तर राउंडिंगची चूक आत बसते. आता तानपुऱ्याच्या चारही तारा वेगवेगळ्या सुटतात, आणि तार षड्जाआधी गायकाने घेतलेला श्वाससुद्धा कळतो.

यात एकदाही २४/१९२ चा (२४ बिट, १९२ किलोहर्ट्झच्या हाय-रेझ फाइलचा) प्रश्न आला नाही. सीडीचं ४४.१ किलोहर्ट्झ पुरेसं आहे, मास्टर, म्हणजे मूळ ध्वनिप्रत, चांगला हवा. आणि तो आपल्या हातात हवा. स्पॉटिफायने २०२१ च्या फेब्रुवारीत लॉसलेसची (काही न गाळता दिलेल्या सीडी दर्जाच्या आवाजाची) घोषणा केली, ते प्रत्यक्षात यायला २०२५ चा सप्टेंबर उजाडला. ॲपलने मध्येच, जून २०२१ मध्ये, तेच जादा पैसे न घेता दिलं. टायडल या स्ट्रीमिंग सेवेने एमक्यूए या परवान्याच्या फॉरमॅटवर वर्षानुवर्षं भर दिला आणि २०२४ मध्ये ते काढून फ्लॅक हे खुलं लॉसलेस फॉरमॅट धरलं. त्याच वर्षी लॉजिटेकने स्क्वीझबॉक्स या आपल्या नेटवर्क प्लेयरची ऑनलाइन सेवा बंद केली. आपल्यातल्या कितीजणांची खोकी लिरिअन या घरच्या घरी चालणाऱ्या मोफत सर्व्हरमुळेच वाजताहेत, तुम्हाला माहीतच आहे. नव्या गाण्यांसाठी मी वर्गणी भरत राहणार, शोधायला त्यासारखं साधन नाही. पण ज्या रागाशिवाय माझी संध्याकाळ होत नाही, तो मी कुणाच्या परवान्यावर सोडणार नाही.

तर घ्यायचा म्हणत होतो तो नवा डॅक रद्द. त्या पैशांत ४ टीबीच्या दोन हार्ड डिस्क, एक घरी, एक बहिणीकडे औंधला.

लिहिता लिहिता सुचलं, फाइल कायमची बदलायचीच कशाला? मूळ रिप तसाच ठेवायचा, टॅगमध्ये खूण टाकायची आणि वाजवतानाच आवाजावर फिल्टर लावणाऱ्या कॅमिलाडीएसपी या प्रोग्रॅममध्ये ३१८३ हर्ट्झपासून उतरणारा शेल्फ (वरच्या फ्रिक्वेन्सी खाली आणणारा फिल्टर) लावायचा. म्हणजे मूळ प्रत अबाधित राहील. टॅग वाचून फिल्टर आपोआप चालू-बंद करणारी स्क्रिप्ट कुणी लिहिली असेल तर कृपया द्या, नाहीतर मीच बसतो.

बाबांच्या त्या काळातल्या अजून अकरा सीड्या आहेत. आज रात्री सगळ्यांचा सबकोड तपासतोय. रविवारी जुन्या बाजारात जाणार आहे, मागच्या खेपेला एका गाड्यावर त्याच लेबलच्या तीन दिसल्या होत्या, पैसे कमी पडले म्हणून राहिल्या. कुणी येणार असेल तर सकाळी साडेनऊला भेटू, उशीर केला तर चांगला माल उचलला जातो.