घरातलं घरात जिरलं पाहिजे

साधं राहायचं ठरवलं की हल्ली सुरुवात खरेदीपासनंच होते, बांबूचा ब्रश, काचेच्या बरण्या, ऑरगॅनिक साबण, आणि हे सगळं कुरिअरनं प्लॅस्टिकमधे गुंडाळून घरी येतं. कुणाला नावं ठेवायची नाहीत मला, ज्यानं त्यानं आपल्याला जमेल तसं करावं. खरं आमच्या बेळगावच्या शहापुरातल्या जुन्या कौलारू घरात जे चालतं त्यात विकत आणायचं फारच थोडं आहे आणि जे आहे ते सगळं एकमेकांत इतकं अडकलेलं आहे की त्यातली एकच गोष्ट सुटी काढून टिप म्हणून देता येत नाही. सासूबाईंचा नियम एकच, घरातलं घरात जिरलं पाहिजे. पाणी पण, कापड पण, भाजीची सालं पण.

पाण्यापासनं सांगते. आमच्या परड्यात, म्हणजे घरामागच्या अंगणात, आड आहे. बेळगावच्या जुन्या गल्ल्यांत कितीतरी घरांना आड होतेच, पुढं घरोघरी नळ आले तशी काहींनी वर स्लॅब टाकली, काहींनी बुजवून गाडी लावायला जागा केली. आता एप्रिल-मेमधे गावाला पाणी देणाऱ्या राकसकोप धरणाची पातळी खाली गेली की पेपरात फोटो येतात आणि गल्लीत टँकरवाल्याचा नंबर कुणाकडं आहे याची विचारपूस सुरू होते. आणि हेच आमचं गाव जून ते सप्टेंबर नुसतं भिजत असतं! हिशोब अगदी सोपा आहे, एक चौरस मीटर जागेवर एक मिलिमीटर पाऊस पडला की एक लिटर पाणी. आमचं छप्पर ५०० चौरस फुटांचं, म्हणजे साधारण ४६ चौरस मीटर. बेळगावात वर्षाला हजार मिलिमीटरच्या वरच पाऊस होतो, कमीत कमी म्हणून हजारच धरला तरी ४६,००० लिटर झालं. थोडं उडून जातं, थोडं सांडतं, म्हणून त्यातलं पाऊण हाताला लागलं असं धरूया, तरी ५,००० लिटरच्या टँकरनं मोजलं तर सहा-सात टँकर पाणी आपल्याच डोक्यावर पडून आपल्याच समोरनं गटारात जातं. हे एकदा कागदावर मांडून बघा म्हणजे झोप उडते.

यासाठी लागतं काय तर कौलांच्या कडेला पन्हळ, एक पाइप आणि एक जुना ड्रम. ड्रमात तळाला मोठे दगड, त्यावर बारीक खडी, मग लोणारी कोळसा, वर वाळू आणि सगळ्यात वर जाळी. पाणी त्यातनं गाळून आडात जातं. पहिले दोन-तीन पाऊस मात्र पाइप बाहेर वळवून सोडून द्यायचे कारण उन्हाळाभरची धूळ, पाखरांची शीट, सडका पाला सगळं त्यातच असतं. आणि हे पाणी प्यायला घ्यायचं तर उकळूनच, यात तडजोड नाही. वाळू दरवर्षी मेमधे काढून धुऊन वाळवून परत भरावी लागते, हे काम कंटाळवाणं आहे खरं चुकवून चालत नाही. आडात गप्पी मासे सोडलेत, ते डासांच्या अळ्या खातात, औषध टाकावं लागत नाही.

आता इथंच साबणाचा विषय येतो, बरेच लोक हे दोन्ही वेगवेगळं समजतात. आमचं न्हाणीचं आणि कपडे धुतलेलं पाणी गटारात जात नाही, परड्यात चर काढलाय, तिथं केळी आहेत, अळू आहे, कर्दळ आहे. श्रावणात अळूचं फदफदं करायला पानं बाजारातनं कधी आणावी लागत नाहीत. खरं पाणी झाडाला द्यायचं असेल तर त्यात काय मिसळतंय ते बघायला नको का? कडक डिटर्जंटचं पाणी रोज पडत राहिलं की माती घट्ट होत जाते, वरनं पांढरट दिसायला लागते, अळू पिवळा पडतो. म्हणून रोजचे साधे कपडे, रेशमी आणि लोकरीचे कपडे आम्ही रिठ्यात धुतो. मूठभर रिठे फोडून बिया काढायच्या, टरफलं रात्री पाण्यात टाकायची, सकाळी दहा-पंधरा मिनिटं उकळायची, गार झाल्यावर कुस्करून गाळून घ्यायची. यातल्या सॅपोनिन नावाच्या फेसाळ द्रव्यामुळं मळ सुटतो. फेस साबणासारखा येत नाही म्हणून नव्या माणसाला वाटतं काही झालंच नाही. हे पाणी तीन-चार दिवसांत आंबतं म्हणून थोडं थोडंच करायचं. डोळ्यात गेलं तर फार चुरचुरतं, लहान पोरांचे केस धुताना जपा. आणि कॉलरचा तेलकट मळ, गाडी दुरुस्तीचे कपडे याला रिठा पुरत नाही, तिथं साबण लागतोच, ते पाणी आम्ही वेगळं गटारात सोडतो. अजून एक म्हणजे रिठ्याचं पाणी आडाजवळ अजिबात सांडू द्यायचं नाही. सॅपोनिन माशांना विष आहे, पूर्वी ओढ्यात मासे पकडायला असली फळं ठेचून टाकायचे. नैसर्गिक म्हणजे निरुपद्रवी असं काही नसतं, हे मला फार मनापासनं सांगायचं आहे, कारण आजकाल नैसर्गिक शब्द लावला की लोक विचारच करायचं थांबवतात.

भांड्यांना राख. लाकडाच्या राखेत क्षार असतात, तेलकटपणा त्यानं चटकन निघतो, पितळेला वर चिंच चोळली की काम झालं. खरं राख कशाची आहे ते बघा. कितीतरी घरांत न्हाणीच्या बंबात लाकडाबरोबर दुधाच्या पिशव्या, कुरकुऱ्याची पाकिटं सगळं घालतात, पाणी लवकर तापतं म्हणून. तो धूर घरातल्याच माणसांच्या छातीत जातो आणि ती राख भांड्यालाही नको, झाडालाही नको. आणि कुणी म्हणेल की मग स्वयंपाकाला पण चूल का नाही, तर नाही. आमच्या आईनं खानापूरकडच्या घरात आयुष्यभर फुंकणी फुंकली, आज तिला जिना चढला की धाप लागते. गॅस बायकांसाठी फार चांगली गोष्ट झाली, त्यात मी काटकसर करणार नाही. झाकण ठेवून शिजवा, डाळ-तांदूळ भिजत घाला, गॅस आपोआप कमी लागतो.

कापडाचं मात्र मला भरभरून बोलावंसं वाटतं. सुती लुगडं घरात आलं की ते वीस-पंचवीस वर्षं घरात फिरत राहतं. नेसून मऊ झालं की बाळाची दुपटी आणि लंगोट, नव्या कापडाला तो मऊपणा येतच नाही. उरलेल्याची वाकळ. चार-पाच लुगडी एकावर एक पसरायची, मधे फाटक्या चादरी, धोतरं काय असेल ते, चारी बाजूंनी ताणून दगड ठेवायचे आणि धावदोरा घालत कडेपासनं आत आत यायचं. हल्याळ-यल्लापूरकडच्या सिद्दी समाजातल्या बायकांच्या कवंदीत, म्हणजे त्यांच्या वाकळीत, पण असंच कडेपासनं आत शिवत येतात आणि चारी कोपऱ्यांना घडी घातलेल्या कापडाची फुलं लावतात, त्या फुलांशिवाय कवंदी पुरी झाली असं त्या मानत नाहीत. काय देखणं काम असतं ते! आमची आई आता सत्तरीच्या पुढं आहे, तरी दिवाळी झाली की फोन येतोच, "मी शिवतो की गं, तू नुसती कापडं काढून ठेव." दुपारी शेजारच्या काकू, वैनी येऊन बसतात, एका वाकळीवर चौघी बसल्या की पंधरा दिवसांत होते, एकटीनं करायचं तर अख्खा हिवाळा जातो. वाकळ फाटली की तिचं पायपुसणं, त्याचं फडकं, आणि फडक्याच्या चिंध्या झाल्या की कचऱ्याच्या माठात.

हा माठ खानापूरचा. पाणी गार करायचा माठ दोन-तीन उन्हाळे चांगला चालतो, मग क्षारानं बारीक छिद्रं बुजतात, पाणी बाहेर झिरपत नाही म्हणून गारही होत नाही. टाकायचा नाही, तळाला आणि बाजूला भोकं पाडायची आणि भाजीची सालं, चहाचा चोथा एक थर, वाळला पाला एक थर असं भरत जायचं. अडीच-तीन महिन्यांत खत. पावसाळ्यात पाला जास्त घाला नाहीतर घाण वास येतो. सुती चिंधी त्यात पूर्ण कुजते. सिंथेटिक साडीची चिंधी मी चुकून गेलेली वर्षानं जशीच्या तशी निघालेली बघितलीय, म्हणून घरातल्या पोरींना एवढंच सांगते, एक साडी कमी घ्या खरं सुती घ्या. सिंथेटिकची वाकळ अंगाला चिकटते, घाम शोषत नाही, आणि तिच्यापुढं करण्यासारखं काही राहत नाही.

प्लॅस्टिक पिशव्यांवर कर्नाटकात २०१६ सालीच बंदी आली, २०२२ च्या जुलैपासनं एकदाच वापरायच्या प्लॅस्टिकच्या काही वस्तू देशभर बंद झाल्या, तरी शनिवारच्या बाजारात हात पुढं केला की पिशवी मिळतेच. म्हणून जुन्या परकराच्या पिशव्या शिवून गाडीच्या डिक्कीतच ठेवलेल्या असतात, घरात खुंटीला अडकवल्या तर ऐनवेळी आठवण होत नाही.

टिळकवाडीत फ्लॅटमधे राहणारी नणंद म्हणाली, वैनी मला ना परडं ना आड. तिनं गॅलरीत माठ ठेवलाय, तांदूळ धुतलेलं पाणी कढीपत्त्याला घालते, आणि सोसायटीच्या मीटिंगमधे गच्चीच्या पाण्याचा विषय काढलाय. बोअरवेलजवळ खड्डा काढून पाणी सोडायचं म्हणतायत, तीन घरं तयार आहेत, बाकीचे खर्च विचारतायत. आणि ज्यांच्या घरी आड आहे खरं वर स्लॅब आहे त्यांनी मेमधे एकदा झाकण उघडून आत पाणी किती खोल आहे ते दोरी टाकून बघा, वहीत लिहून ठेवा, आणि पन्हळीला पाइप जोडायचं काम मिरगाच्या आधी उरका. एकदा पाऊस लागला की प्लंबर कौलांवर चढत नाही.