304 चं दार

2022 च्या मे महिन्यातली गोष्ट. कोरोनात अडकून पडलेली सगळी लग्नं त्या उन्हाळ्यात एकदम उरकायला निघाली होती. मी तेव्हा कोल्हापुरात स्टँडजवळच्या बेचाळीस खोल्यांच्या एका हॉटेलात ड्यूटी मॅनेजर होतो. हॉटेलात बाराला चेक-आउट आणि दोनला चेक-इन. मधले दोन तास खोल्या साफ करायला असतात असं पाहुण्यांना वाटतं. खरं तर ते आम्हाला शिव्या खायला असतात.

त्या दिवशी चौदा खोल्यांचं बेळगावचं वऱ्हाड दोनऐवजी साडेबारालाच गाडीतून उतरलं. नवरीची आजी लॉबीतल्या सोफ्यावर आडवी झाली, एक पोरगं माशांच्या टाकीवर थापा मारायला लागलं आणि नवरीचे मामा काउंटरवर कोपर टेकून उभे राहिले. "खोल्या द्या की ओ साहेब, बायकांना साड्या बदलायच्यात." तेरा खोल्या तयार होत्या. चौदावी 304. कॉम्प्युटरवर ती लाल दिसत होती, म्हणजे आज सुटणार आणि वेळ उलटून गेलेली. एकट्या बाई, वय 66, अंबाबाईच्या दर्शनाला आलेल्या.

इंटरकॉम केला. वाजून वाजून बंद झाला. तिसऱ्या मजल्याचा रूमबॉय लिननच्या गाठोड्यांबरोबर लाँड्रीत गेला होता. समोर दुसऱ्या मजल्याचा पोरगा दिसला. गगनबावड्याकडचा, लागून तीन आठवडे झालेले. त्याच्या कार्डानं फक्त दुसऱ्या मजल्याची दारं उघडायची. मी गळ्यातलं माझं मास्टर कार्ड काढलं आणि त्याच्या हातात दिलं. "304 बघून ये. बाई गेल्या असल्या तर लगेच चादरी बदलून घे."

मास्टर कार्ड दुसऱ्याच्या हातात द्यायचं नाही, हा नियम मीच टाइप करून स्टाफरूममध्ये चिकटवला होता.

पाचएक मिनिटांत पोरगा जिन्यानं खाली आला. लिफ्ट समोर उभी असताना जिन्यानं. कार्ड काउंटरवर ठेवलं आणि म्हणाला, "सर, आत बाई हुत्या."

"मग?"

"आंघूळ करून आल्या हुत्या."

पुढं तो बोलला नाही, मी विचारलं नाही. मामांना मालकांसाठी राखून ठेवलेली 401 देऊन मोकळा झालो.

दीड वाजता त्या खाली आल्या. पांढरी सुती साडी, केस अजून ओले, हातात चष्म्याचं घर. वऱ्हाडाचं सामान वर जाईपर्यंत खांबाजवळ उभ्या राहिल्या. आरडाओरडा केला असता तर मला सोपं गेलं असतं. ओरडणाऱ्या पाहुण्यासाठी आमच्या धंद्यात ठरलेलं औषध आहे. केबिनमध्ये न्यायचं, पाणी द्यायचं, त्याचं बोलून संपेपर्यंत मान हलवायची आणि शेवटी एक जेवण फुकट. कोल्हापुरात तर तांबडा-पांढऱ्यावर निम्मी भांडणं मिटतात.

"मावशी, चुकून झालं," मी सुरू केलं. "पोरगं नवीन आहे."

"मी तुमची मावशी नाही. 304 मधलं गिऱ्हाईक आहे. पोरगं नवीन आहे, तर त्याच्या हातात किल्ली कोणी दिली?"

तो पोरगा पाच फुटांवर ट्रॉली धरून उभा होता. त्याच्यादेखत मी म्हणालो, "त्याला आजच काढून टाकतो, मॅडम." तोंडातून निघून गेलं असं आता म्हणता येईल, पण तसं नव्हतं. विचार करून म्हणालो होतो. पोरग्यानं माझ्याकडं बघितलंसुद्धा नाही.

"कोणाला काढू नका," त्या म्हणाल्या. "दार किती वाजता उघडलं आणि कोणाच्या कार्डानं, तेवढं मला लिहून द्या. तुमच्या कुलपात हे राहतं ना?"

हा प्रश्न मला आजवर कुठल्याही पाहुण्यानं विचारलेला नव्हता. बाई विदर्भातल्या एका सरकारी दवाखान्यातून सिस्टर म्हणून निवृत्त झालेल्या. "आमच्याकडे मॉर्फिनच्या कपाटाची किल्ली कोणत्या पाळीत कोणाकडे होती, याची सही व्हायची," त्यांनी सांगितलं. "रात्री तीन वाजता पाळी बदलली तरी सही. आणि चाळीस जणांच्या वॉर्डात आधी पडदा ओढायचा, मग पेशंटला हात लावायचा. पेशंट बेशुद्ध असला तरी. मी आठशे किलोमीटरवरून येऊन तुमच्या बंद खोलीत उतरले, तर मला तेवढाही पडदा नाही?"

मी म्हणालो, तक्रार लिहून द्या. त्यात थोडा वेळ काढायचा हेतू होता. लिहायला सांगितलं की निम्मी माणसं "जाऊ दे" म्हणतात. त्यांनी चष्मा लावला. मी काउंटरखालच्या रफ कागदांच्या गठ्ठ्यातला एक कोरा दिसणारा कागद पुढं सरकवला.

वॉर्डाच्या रिपोर्टबुकासारखं सुटसुटीत अक्षर. मुक्काम एक दिवसानं वाढवल्याचं सकाळी आठ वाजता काउंटरवर सांगितलं होतं. दाराच्या मुठीला 'व्यत्यय नको'ची पाटी होती. दार आतून बंद करायचा नॉब फिरत नाही, हे काल संध्याकाळी सातला कळवलं होतं, कोणी आलं नाही. मुलानं दार वाजवलं असेल तर न्हाणीघरातून ऐकू आलं नाही, पण उत्तर नाही म्हणजे परवानगी नाही.

एकेक ओळ वाचताना मी मनात टिकमार्क करत होतो. सकाळच्या रिसेप्शनिस्टनं रजिस्टरच्या कडेला पेन्सिलीनं '304 +1' लिहिलं होतं आणि कॉम्प्युटरवर चढवायचं राहिलं होतं. मेंटेनन्सच्या वहीत '304 लॅच' अशी नोंद होती, पुढं बरोबरची खूण नव्हती. तो नॉब आतून फिरला की रूमबॉयचं सोडा, माझंही कार्ड चालत नाही. फक्त तिजोरीतलं आणीबाणीचं कार्ड चालतं. दोनशे रुपयांचं काम होतं.

सही करायला त्यांनी कागद उलटवला आणि थांबल्या.

"हे कोण?"

मागच्या बाजूला सोलापूरच्या एका गृहस्थांच्या आधार कार्डाची झेरॉक्स होती. फोटो, पत्ता, जन्मतारीख, बाराच्या बारा आकडे. कधीतरी उतरून गेलेले कोणीतरी. चेक-इनच्या वेळी दोन प्रती निघाल्या की एक फायलीत जायची आणि दुसरी, पाठ कोरी म्हणून, या गठ्ठ्यात. बेडशीटचा हिशेब, चहाची ऑर्डर, टॅक्सीवाल्याचा नंबर, सगळं आम्ही त्यावर लिहायचो. कागद वाया जाऊ नये म्हणून मालकांचीच शिकवण. तोवर मला त्या गठ्ठ्याला पुढची बाजू आहे असं दिसलंच नव्हतं.

"माझाही असाच पडलाय का इथं?" त्यांनी विचारलं. गठ्ठा चाळायची माझी हिंमत झाली नाही.

कुलूप वाचायचं यंत्र तिजोरीत होतं, टीव्हीच्या रिमोटएवढं. गेल्या वर्षी एका पाहुण्याची अंगठी हरवली तेव्हा वापरलं होतं, तेव्हा संशय रूमबॉयवर होता. अंगठी पाहुण्याच्याच बॅगेच्या अस्तरात निघाली. आम्ही वर गेलो, सिस्टर, मी आणि मागून तो पोरगा. मी कुलपाखालच्या भोकात वायर खुपसली. बारीक पडद्यावर ओळी सरकायला लागल्या. पाहुणा, पाहुणा, हाऊसकीपिंग तीन, पाहुणा. मग 12.36, डीएम-01. त्या कुलपाचं घड्याळ अकरा मिनिटं मागं होतं, म्हणजे 12.47. क्षणभर मनात आलं, वेळच चुकतेय तर बाकीचंही चुकलं असेल असं म्हणता येईल.

"डीएम म्हणजे?"

"ड्यूटी मॅनेजर."

"कोण आहे?"

"मी."

त्या काही बोलल्या नाहीत. पोरग्यानंही खालीच बघितलं. त्याला तर पहिल्यापासून माहीत होतं, आणि काढून टाकतो म्हणालो तेव्हाही तो गप्प राहिला होता. मुठीला पाटी तशीच लटकत होती. 'व्यत्यय नको', खाली झोपलेल्या चंद्राचं चित्र. "पाटी बघितली नाहीस का?" मी विचारलं. तो म्हणाला, "बघितली की सर. पण तुमीच पाठवलं हुतं न्हवं?"

मी मुंबईत शिकाऊ होतो तेव्हा, 2015 च्या ऑगस्टमध्ये, मढ बेट आणि अक्साच्या हॉटेलांवर पोलिसांनी धाडी टाकून चाळीसएक जोडप्यांना ठाण्यात नेलं होतं. सार्वजनिक ठिकाणी असभ्य वर्तन म्हणून कलम 110 लावलं. दाराआडची खोली सार्वजनिक ठिकाण कधीपासून झाली, यावर देशभर गदारोळ उठला आणि पोलिस आयुक्तांना चौकशी लावावी लागली. आम्ही शिकाऊ पोरांनी स्टाफरूममध्ये वडापाव खात पोलिसांचा यथेच्छ उद्धार केला होता. पाहुण्यांच्या दारांवर चालून जाणारी माणसं वेगळी असतात, अशी माझी तेव्हा समजूत होती. इथं माझ्याकडं वर्दी नव्हती, वऱ्हाड होतं, एवढाच फरक.

खाली येऊन मी उत्तर लिहायला बसलो. तक्रारीच्या उत्तराचं एक तयार वाक्य असतं, तेच टाइप केलं: 'आपणास झालेल्या गैरसोयीबद्दल आम्ही दिलगीर आहोत.'

सिस्टरनी 'गैरसोय'वर बोट ठेवलं. "गरम पाणी आलं नाही तर गैरसोय. हे गैरसोय आहे का?"

खोडलं. पुन्हा लिहिलं: 'दुपारी 12.47 वाजता, दारावर पाटी असताना, माझ्या कार्डाने आपल्या खोलीचे दार उघडण्यात आले.'

"उघडण्यात आले नाही. कोणी उघडायला सांगितलं?"

तिसऱ्यांदा लिहिलं: 'मी माझे कार्ड देऊन उघडायला सांगितले.' इतकं साधं वाक्य लिहायला मला पाऊण तास लागला. सही केली, शिक्का मारला. त्यांनी घडी घालून चष्म्याच्या घरात ठेवलं. "भाचीनं 1915 नंबर दिला होता, ग्राहकांचा," त्या म्हणाल्या. "तिथं लावायचा की नाही ते हे कागद बघून ठरवणार होते."

बिलात मी एका रात्रीचं भाडं कमी केलं होतं. त्यांनी ते परत चढवायला लावलं. "पैसे कमी केले की तुमचं मिटतं. माझं मिटत नाही." ती रात्र त्या राहिल्या, पण 304 मध्ये नाही. मी खोली बदलून दिली, आधी नॉब स्वतः चार वेळा फिरवून बघितला. पहाटे पाचला काकड आरतीला गेल्या आणि परस्पर स्टँडवर.

मालकांना कळलं तेव्हा फोनवर माझी बिनपाण्यानं झाली. दार उघडलं त्याचं त्यांना फारसं काही नव्हतं. "लिहून कशाला दिलंस रे? तोंडी सॉरी म्हणायचं, जेवू घालायचं, विषय संपवायचा. उद्या कोर्टात गेली बाई, तर तुझी सही माझ्या गळ्यात." पुढं महिनाभर ते रोज गूगलवरचे रिव्ह्यू तपासत होते. बाईंनी काहीच लिहिलं नाही.

झेरॉक्सचं मात्र मी त्यांच्यापाशी धरून ठेवलं. गंमत म्हणजे त्याच महिन्याच्या अखेरीस आधार प्राधिकरणाच्या बेंगळुरूच्या कार्यालयानं पत्रक काढलं, की हॉटेलं नि सिनेमागृहांना आधारच्या प्रती घेऊन ठेवायची मुभा नाही, आणि लोकांनी शेवटचे चारच आकडे दिसणारी प्रत वापरावी. मी छापून मालकांच्या टेबलावर ठेवलं. 29 मेला सरकारनं ते पत्रक मागं घेतलं, गैरसमज होईल म्हणून. मालकांनी माझा कागद उलटा केला आणि त्यावर भाजीचा हिशेब लिहिला. चार आकड्यांची प्रत चालते हे त्यांना पटायला दिवाळी उजाडली.

पण तो गठ्ठा तेवढ्यासाठी थांबला नाही. त्याच रात्री, वऱ्हाड हॉलवर गेल्यावर, मी काउंटरखालचं सगळं बाहेर काढलं. गठ्ठा एक नव्हता, स्टोअरमध्ये अजून दोन पोती निघाली. कागद बारीक करायचं मशीन आमच्याकडं कुठलं असायला? मी आणि तो पोरगा गच्चीवर गेलो, सोलरच्या टाक्यांमागं पत्र्याचा डबा ठेवला आणि मूठमूठ टाकायला लागलो. नवरा-बायको, कॉलेजची पोरं, औषध कंपन्यांचे एमआर, एका परदेशी पाहुण्याच्या पासपोर्टचं पान. प्रत्येकाच्या पाठीवर आमचे टॉवेल नि चहा.

दुपारी म्हणालो त्याबद्दल त्याची माफी मागावी असं दोन-तीनदा ओठांवर आलं. तो निवांत एकेक कागद उजेडात धरून बघायचा आणि मगच टाकायचा. मी म्हटलं, अरे वाचतोस काय, त्याचसाठी तर जाळतोय. तो हसला. मग एका कागदापाशी त्याचा हात थांबला. त्यानं तो माझ्यासमोर धरला. माझ्याच अक्षरात लिहिलं होतं: बेडशीट 38, पिलो कव्हर 71. मागं आधारची झेरॉक्स, नोकरीला लागताना त्यानंच जोडलेली. फोटोत मिसरूड नुकतं फुटलेलं.

"टाक की," मी म्हणालो.

"न्हाई सर," तो म्हणाला. "ह्ये माझं हाय." आणि चार घड्या घालून त्यानं तो कागद खिशात ठेवला.