पाव इंच माया

आमच्या गोधडीच्या ग्रुपमध्ये आम्ही अकरा जणी आहोत आणि शिवणीसाठी कडेला सोडायचा अकरा जणींचा पाव इंच वेगवेगळा आहे. हे मला सुरुवातीला कुणी सांगितलं असतं तर मी हसले असते, पाव इंच म्हणजे पाव इंच, त्यात कसली आलीय मतमतांतरं. पण ठरवून प्रत्येकीने घरून एकेक ब्लॉक, म्हणजे तुकडे जोडून केलेला चौकोन, करून आणायचा, कच्चं माप साडेबारा इंच, जोडल्यावर बारा भरायला हवा, आणि मग सगळे ब्लॉक टेबलावर एकावर एक ठेवले की खरी गंमत कळते. एक सव्वाबारा, एक पावणेतेरा, एक इकडून साडेबारा तर तिकडून बारा, आणि प्रत्येकीचं म्हणणं एकच की मी तर पट्टी लावून मोजलंय बाई.

यात खोटं कुणीच बोलत नसतं. कुणी सुईपासून मशीनच्या, कापड दाबून धरणाऱ्या फूटच्या कडेपर्यंत पाव इंच धरते, कुणी खालच्या प्लेटवर चिकटपट्टी लावून ठेवते, कुणाच्या मशीनवर रेघच असते, आणि काकू नुसत्या डोळ्यांनी. त्यात परत खरा पाव इंचसुद्धा चालत नाही, किंचित कमीच घ्यावा लागतो, कारण शिवण दुमडून इस्त्री केली की त्या घडीत दोऱ्याच्या जाडीएवढं कापड खाल्लं जातं. एवढ्याशाने काय होतंय असं वाटतं ना? एक सोळांश इंच जास्त गेला असं धरा. शिवणीत दोन तुकडे असतात म्हणजे दोन्हीकडून गेला, झाला एक अष्टमांश. एका ओळीत नऊ तुकडे म्हणजे आठ शिवणी. अख्खा एक इंच गायब! आणि मग ती ओळ शेजारच्या ओळीला जोडताना ताण, ओढ, टाचण्या लाव, शिव्या घाल.

शिवणीसाठी कडेला जे जास्तीचं कापड सोडतात त्याला आपल्याकडे माया म्हणतात. या शब्दावर मी इथे काहीही बोलणार नाहीये, कारण बोलायला लागलं की दोन ओळींत त्याचा गुड मॉर्निंग मेसेज होतो.

तर काकू. काकूंची माया सगळ्यात दांडगी, पाव इंच म्हणत जवळजवळ पाऊण बोट. त्यामुळे त्यांचा ब्लॉक कायम लहान. आणि मी ग्रुपातली नवी हुशार, माझ्याकडे गोल पात्याचा कटर, खाली अंथरायची मॅट, पारदर्शक पट्टी, सगळा सरंजाम. तो कटर ओल्फा नावाच्या जपानी कंपनीने १९७९ मध्ये आणला, त्याच्याआधी बायका पुठ्ठ्याचा साचा ठेवून पेन्सिलीने आखून कात्रीने एकेक तुकडा कापायच्या, आणि काकू अजूनही तशाच कापतात. मी एकदा त्यांना फार गोड आवाजात म्हटलं, काकू मी तुमचे तुकडे कापून देत जाऊ का? त्या म्हणाल्या, दे की, मग शिवून पण तूच दे. विषय संपला.

लहानमोठे ब्लॉक जुळवायची एक युक्ती आहे, ती आमच्यातल्या सगळ्यात जुन्या ताईंनी शिकवली. प्रत्येक ब्लॉकच्या चारही बाजूंना एकाच रंगाची पट्टी लावायची, जरा रुंदच, आणि मग सगळे एका मापाला कापायचे. लहान ब्लॉकभोवती पट्टी जाड दिसते, मोठ्याभोवती बारीक, आणि बघणाऱ्याला वाटतं डिझाइनच तसं आहे. मला आधी ही चक्क फसवणूक वाटायची. आता मी पट्टीचं कापड सगळ्यात आधी घेऊन ठेवते.

माझा आवडता भाग त्याच्या पुढचा. वरचा थर, मधला कापसाचा थर आणि खालचं अस्तर, तिन्ही एकत्र कच्च्या टाक्यांनी धरून लाकडी चौकटीवर ताणायचे आणि चौघी-पाचजणींनी भोवती बसून धावदोरा घालायचा. इथे बोलणं जे चालतं ते दुसरीकडे कुठे चालत नाही, कारण सगळ्यांची नजर खाली असते. समोरासमोर बसून जे विचारता येत नाही ते टाका घालता घालता सहज विचारलं जातं आणि उत्तरही येतं, आणि नाही आलं तरी चालतं, सुई चालूच असते. आमच्यात एक डावखुरी आहे, तिला फार भाव. चौकटीच्या ज्या कोपऱ्यात बाकीच्यांचा हात उलटा पडतो तिथे तिला बसवतात.

आणि इथेही तेच, प्रत्येकीचा टाका वेगळा. हाताने घालताना इंचात दहा-बारा टाके म्हणजे फार नाजूक काम, आमच्यात तसं करणारी एकच आहे. मी सहावर असते, चांगला दिवस असेल तर सात. एकीचे टाके इतके लांब की पांघरलं तर पायाच्या बोटाचं नख अडकेल, असं ती स्वतःच सांगते. मी एकदा, आता सांगूनच टाकते, सगळ्या गेल्यावर तिचे टाके उसवून परत घातले. तास गेला. झाल्यावर पाहिलं तर माझेही काही फार बरे नव्हते आणि जुन्या टाक्यांची भोकं कापडावर दिसत होती ती वेगळीच. पुढच्या वेळी ती आली, त्या जागेवरून बोट फिरवलं, माझ्याकडे बघितलं, काही बोलली नाही. मला तिने दोन बोल सुनावले असते तर बरं झालं असतं.

त्या लाजेत मी बरंच वाचत बसले. अमेरिकेत अलाबामामध्ये जीज बेंड म्हणून नदीच्या वळणात एक लहान वस्ती आहे, तिथल्या आफ्रिकन अमेरिकन बायका पिढ्यानपिढ्या गोधड्या करत आल्या, शेतात वापरून विटलेल्या पँटी, शर्ट, जे हाताला येईल ते. वरचा थर बहुतेक जणी आपापल्या घरी एकटीने, आपल्या मनाने जोडणार, आणि टाके घालायला चारचौघी जमणार. रेघा त्यांच्या वाकड्या जातात, चौकोन कलतात, आणि २००२ मध्ये त्याच गोधड्या ह्यूस्टनच्या आणि मग न्यूयॉर्कच्या म्युझियममध्ये भिंतीवर लागल्या, २००६ मध्ये तर पोस्टाच्या तिकिटांवर आल्या. फोटो बघून मला माझ्या पारदर्शक पट्टीचा जरा रागच आला.

आणि एड्सने गेलेल्यांच्या आठवणीची ती प्रचंड गोधडी. तिच्यातल्या प्रत्येक तुकड्याचं माप एकच, तीन फूट बाय सहा फूट, साधारण एका कबरीएवढं. त्या मापात ज्याला जे जमेल ते. आयुष्यात सुई न धरलेल्या लोकांनी केलंय ते, कुणी जीन्स शिवलीय, कुणी टेडी बेअर, कुणी नुसतं रंगाने नाव लिहिलंय. ११ ऑक्टोबर १९८७ ला वॉशिंग्टनच्या नॅशनल मॉल या मैदानावर पहिल्यांदा अंथरली तेव्हा १,९२० तुकडे होते, आता पन्नास हजारांच्या आसपास आहेत आणि वजन ५४ टन. ते वाचल्यावर कुणाचा टाका लांब आणि कुणाचा आखूड हे डोक्यातून गेलं, निदान आठवडाभर.

आमच्या गोधड्या अर्थातच तेवढ्या मोठ्या कामाच्या नसतात. कुणाकडे बाळ झालं, कुणाचं ऑपरेशन झालं, कुणी घर बदलून लांब चाललं, की एक करायची. मागे कोपऱ्यात लेबल, त्यावर सगळ्यांची नावं आणि तारीख. घेणाऱ्याच्या डोळ्यांत पाणी वगैरे येतं. आणि मग ती माणसं काय करतात? कपाटात ठेवतात! इतकी छान आहे, खराब होईल. मला याचा इतका राग येतो म्हणून सांगू, अगं तीन थर एकत्र शिवलेत ते अंगावर घ्यायला, धुवायला, परत घ्यायला. पहिल्यांदा घेतली की दुसऱ्या दिवशी मशीनमध्ये टाकायला सांगतो आम्ही, तरी घड्या घालून वर डांबराच्या गोळ्या.

म्हणून मागच्या महिन्यात एक गोधडी दुरुस्तीला परत आली तेव्हा आम्ही अक्षरशः नाचलो. सात वर्षांपूर्वी एका बाळासाठी केलेली, आता ते बाळ शाळेत जातंय आणि हिच्याशिवाय झोपत नाही. कडेची पट्टी झिजून आतला कापूस दिसत होता, ती आधी जातेच, रंग मऊ पडलेले, एका कोपऱ्यात चक्क चावल्याच्या खुणा. आम्ही सगळ्या भोवती जमून आपापला ब्लॉक शोधायला लागलो, हा माझा, हा तुझा, हे बघ लांब टाके, हे अजून जसेच्या तसे.

मधोमध एक शिवण उघडली होती. बोटभर. दोन्हीकडचं कापड कडेने विसविशीत होऊन शिवणीतून निसटलेलं, कारण माया पुरेशी सोडलीच नव्हती, अगदी काटेकोर, किंचित कमी, पुस्तकात लिहिलंय तशी. तो ब्लॉक माझा होता. त्याला लागून काकूंचा, तो लहान म्हणून मी तेव्हा सगळ्यांदेखत पट्टी लावून मोजला होता, त्याची एकही शिवण हललेली नव्हती.

मी म्हटलं, काकू, हे माझंच आहे वाटतं. त्यांनी चष्म्यावरून बघितलं, डबी उघडली आणि सुई माझ्या हातात दिली. दोरा ओवलेलाच होता.